नोकरीचा अर्ज आणि यंत्रांतील अर्जनवीस



मामलेदार कचेरीच्या बाहेर, वडाच्या किंवा कडुनिंबाच्या सावलींत, बसकें मेज मांडून बसलेला अर्जनवीस तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याच्या मेजावर दौत-टाकाच्या जागीं एके काळीं टंकलेखन-यंत्र आलें, पुढें तेंहि जाऊन संगणक आला. पण त्याची विद्या पूर्वींचीच राहिली. पक्षकार समोर येऊन बसला कीं तो त्याचें नांव, गांव आणि जमिनीचा गट नंबर विचारतो, व मग कांहीं न विचारतांच लिहूं लागतो : 'अर्जदार हा अत्यंत गरीब असून त्यास दुसरें उत्पन्नाचें साधन नाहीं.' अर्जदाराच्या दोन विहिरी बारमाही वाहत असल्या तरी अर्जांत तो गरीबच. मला या मंडळींविषयीं आदर आहे. ज्यांना लिहितां येत नव्हतें त्यांचें गाऱ्हाणें सरकारच्या दारापर्यंत त्यांनींच पोंचविलें. परंतु त्यांचे शंभर अर्ज एकाखालीं एक ठेवून वाचले, तर नांवाखेरीज त्यांत निराळें असें कांहींच सांपडत नाहीं.

आज मला बोलावयाचें आहे तें नोकरीसाठीं लागणाऱ्या त्या एक-दोन पानांविषयीं, ज्यांना कोणी रेझ्युमे म्हणतात, कोणी सी. व्ही., आणि आपल्या घरोघर बायोडेटा. हीं पानें तयार करून देणारीं साधनें आतां संगणकावर आणि मोबाइलवर हवीं तितकीं मिळतात. कॅनव्हा आहे, गूगल डॉक्स आहे, मायक्रोसॉफ्ट वर्ड आहे. युरोपियन संघाचा युरोपास नांवाचा नमुना आहे. आणि २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी अवतरल्यापासून तर चार शब्द सांगितले कीं चाळीस ओळी लिहून देणारा लेखनिक ज्याच्या त्याच्या खिशांत येऊन बसला आहे. हे सारे नव्या युगाचे अर्जनवीस. त्यांच्याकडून काय करून घ्यावें आणि काय घेऊं नये, एवढाच माझा विषय. नभोवाणीवर पान दाखवितां येत नाहीं. तेव्हां एका पानाची हकीकत सांगतों. तें डोळ्यांपुढें उभें करण्याचें काम मात्र तुमचें.

गेल्या वर्षीं दिवाळीनंतर माझी एक जुनी विद्यार्थिनी मला भेटावयास आली. तिचें नांव सांगत नाहीं. तिच्या परवानगीनें हकीकत तेवढी सांगतों. ती वाणिज्य शाखेची पदवीधर. २०१४ पासून पांच वर्षें इचलकरंजीच्या एका कापड व्यापाऱ्याकडे तिनें हिशेब लिहिले. २०१९ सालीं तिच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. नवऱ्याची नोकरी पुण्यास, उपचारहि पुण्यास. म्हणून हिनें नोकरी सोडली आणि सारें बिऱ्हाड पुण्यास हललें. सासूबाई वारल्या त्याला आतां कांहीं महिने झाले होते. मुलगा नववींत, घरकर्जाचा हप्ता डोक्यावर, आणि मिळविणारा एकटा.

"गुरुजी, तीन महिन्यांत एकूणचाळीस ठिकाणीं अर्ज पाठविले," ती म्हणाली. "नकार आला असता तरी चाललें असतें. एकानेंहि उत्तर दिलें नाहीं."

तिनें तें पान माझ्यापुढें ठेवलें. दिसावयास मोठें देखणें होतें. दोन रकाने पाडलेले. डावा गर्द निळा, त्यावर पांढरीं अक्षरें. वर एका वर्तुळांत फोटो. फोटोखालीं 'कौशल्यें' असा मथळा, आणि प्रत्येक कौशल्यापुढें पांचांपैकीं कांहीं तारे रंगविलेले. टॅलीला चार तारे, इंग्रजीला तीन, नेतृत्वाला पांच.

मीं विचारलें, "हे तारे कोणीं दिले ग?"

"मींच."

अडतीस वर्षें मीं मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या; परंतु आपली उत्तरपत्रिका आपणच तपासण्याची मुभा कोणाला दिली नव्हती. आणि चार तारे टॅली म्हणजे किती टॅली? पांचव्या ताऱ्यांत असें काय आहे, जें हिला येत नाहीं? वाचणाऱ्याला त्यांतून कांहींच कळत नाहीं, आणि जें कळतें तें एवढेंच कीं हा सांचा हजारों लोकांनीं वापरलेला आहे.

उजव्या रकान्याच्या आरंभीं चार ओळींचा एक परिच्छेद होता. त्याचा मराठी अर्थ असा : 'मी अत्यंत मेहनती, ध्येयनिष्ठ, गतिमान व परिणामाभिमुख व्यक्ति असून एका नामांकित संस्थेच्या प्रगतींत आपलें योगदान देऊं इच्छितें.' मला तत्काळ कडुनिंबाखालचा तो अर्जनवीस आठवला.

आणि पानाच्या तळाशीं? तेथें जन्मतारीख, पतीचें संपूर्ण नांव, धर्म, जात, पोटजात, उंची, रक्तगट आणि आधार क्रमांक. उंची कशाला, म्हणून विचारलें तेव्हां ती हंसूं लागली. लग्नाच्या वेळीं वडिलांनीं तयार केलेला बायोडेटा तिच्याजवळ होता. त्यांतूनच हा भाग उचलला होता. रास आणि गण तेवढे तिनें गाळले होते. आपल्याकडे बायोडेटा हा शब्द वधूवरांच्या माहितीलाहि चालतो आणि नोकरीच्या माहितीलाहि. त्यामुळें पुष्कळ घरांत या दोन कागदांचें असें गोत्र एक होऊन बसतें.

यांतील जातीची आणि धर्माची ओळ मात्र हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या दोघां संशोधकांनीं एक प्रयोग करून २००७ सालीं तो प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनीं सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक होता तो फक्त अर्जदाराच्या नांवांत. आडनांवावरून जो दलित वाटेल किंवा नांवावरून जो मुसलमान वाटेल, त्याला मुलाखतीचें बोलावणें कमी वेळां आलें. केवळ नांवानें इतका फरक पडतो, तेथें न विचारतां आपण होऊन जात लिहून देणें म्हणजे ज्यानें तशा नजरेनें पाहूं नये त्याच्या हातीं आपण होऊन चष्मा देणें होय. सरकारी नोकरींत आरक्षणासाठीं तो तपशील लागतो, पण तेथें रेझ्युमे पाठवावयाचा नसतोच; त्यांचा स्वतःचा अर्ज ठरलेला असतो आणि तो तसाच भरावा लागतो. खासगी नोकरीच्या पानावर जात, धर्म, उंची, रक्तगट यांचें काम नाहीं. आधार क्रमांकाचें तर मुळींच नाहीं. तें पान किती अनोळखी हातांतून जाणार याचा आपल्याला पत्ता नसतो. नांव, गांव, दूरध्वनि आणि ई-मेलचा पत्ता एवढें पुरे. फोटोविषयीं देशोदेशींचे रिवाज निरनिराळे आहेत : अमेरिकेंत तो नको असतो, जर्मनींत अजूनहि पुष्कळ जण लावतात. आपल्याकडे मागितला असेल तरच द्यावा, असें माझें मत.

नंतर आम्हीं एक परीक्षा केली. ती तुम्हांपैकीं कोणालाहि घरीं करतां येईल, आणि तिला पैसा लागत नाहीं. तयार झालेली पीडीएफ उघडावी, तींतील सगळा मजकूर निवडून त्याची नक्कल घ्यावी आणि संगणकांतील नोटपॅडच्या कोऱ्या पानावर ती उतरवावी. रंग, रेघा, चौकटी सगळें गळून पडतें आणि नुसते शब्द उरतात. तिच्या पानाचे शब्द उतरले ते असे : 'टॅली २०१४ नेतृत्व ते हिशेबनीस इंग्रजी २०१९ इचलकरंजी.' दोन्ही रकाने एकमेकांत शिरले होते, आणि ताऱ्यांच्या जागीं लहान लहान चौकोन उमटले होते.

हें महत्त्वाचें कां, तें सांगतों. मोठ्या संस्थांत अर्ज येतो तो प्रथम माणसाच्या हातीं येत नाहीं. तो एका संगणक-प्रणालींत जातो. ही प्रणाली धडाधड अर्ज फेंकून देते अशी एक वदंता आहे. तींत अतिशयोक्ति पुष्कळ. बहुतेक ठिकाणीं ती पानांतील शब्द उचलून नांव, शिक्षण, अनुभव असे कप्पे भरते, आणि मग भरती करणारा माणूस त्या कप्प्यांत शोध घेतो, ज्याप्रमाणें आपण ग्रंथालयाच्या सूचींत घेतों. सूचींतला कागदच चुकीचा लिहिला गेला, तर पुस्तक कपाटांत असूनहि कोणाला सांपडत नाहीं. एकूणचाळीस ठिकाणांपैकीं किती ठिकाणीं असें झालें असेल तें सांगतां येत नाहीं. कांहीं ठिकाणीं नक्कीच झालें असेल.

म्हणून पहिला फेरफार सोपा होता. निळा रकाना गेला, तारे गेले. एकच रकाना, पांढरा कागद, काळीं अक्षरें, वाचतां येतील एवढीं मोठीं. 'अनुभव', 'शिक्षण', 'कौशल्यें' असे साधे मथळे. आणि अलीकडची नोकरी आधीं, जुनी मागाहून. गूगल डॉक्समधील अगदीं साध्या सांच्यांत हें अर्ध्या तासांत झालें. ज्यांना मराठींत अर्ज करावयाचा आहे त्यांना येथेंच एक सूचना करतों : मजकूर युनिकोडमध्यें टंकावा. जुन्या पद्धतीच्या फाँटांत लिहिलेलें सुंदर मराठी दुसऱ्याच्या संगणकावर उघडलें कीं तेथें निरर्थक रोमन अक्षरांची रास दिसते, आणि ती पाहून कोणी तुम्हांला दूरध्वनि करणार नाहीं.

देखणेपणा वाईट असें मी म्हणत नाहीं. चित्रकार, जाहिरातींची मांडणी करणारे, छायाचित्रकार यांनीं आपलें पान सजवावें. तोच त्यांचा धंदा. पण हिशेबनिसाच्या कागदावर लोक पाहतात तो नीटनेटकेपणा, आणि तो रंगावांचून जास्त दिसतो. २०१८ सालीं लॅडर्स नांवाच्या एका अमेरिकन कंपनीनें भरती करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. पहिल्या नजरेंत एका पानाला त्यांनीं दिलेला वेळ सरासरी ७.४ सेकंद निघाला. कंपनीचा धंदाच नोकऱ्यांचा असल्यामुळें हा आंकडा मी वेदवाक्य मानीत नाहीं. पण तो सात नसून सत्तर असला तरी आरंभीं काय लिहावें हा प्रश्न सुटत नाहीं.

त्या प्रश्नाचें फार जुनें उत्तर इटलींत सांपडतें. लिओनार्दो दा विंची तीस वर्षांचा असतांना, म्हणजे १४८२ च्या सुमारास, त्यानें मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे आश्रयासाठीं एक पत्र तयार केलें. त्यांत दहा कलमें आहेत. पहिल्या नऊ कलमांत काय आहे? हलके पण मजबूत पूल, वेढा घातलेल्या किल्ल्याभोंवतालच्या खंदकांतील पाणी काढून टाकण्याचे उपाय, तोफा, भुयारें, आच्छादित रथ. शांततेच्या काळांत आपण इमारती बांधूं शकतों, पाणी खेळवूं शकतों, शिल्प आणि चित्रेंहि करूं शकतों, हें येतें तें अगदीं शेवटीं. ज्याच्या चित्रांपुढें आज सारें जग रांग लावून उभें राहतें, त्यानें स्वतःची चित्रकला दहाव्या कलमांत टाकली; कारण स्फोर्झाला त्या घटकेस युद्धाची काळजी होती. आपल्याला काय आवडतें यापेक्षां समोरच्याला काय हवें आहे, हें त्यानें आधीं पाहिलें. आणखी एक मौज अशी, कीं त्या पत्राचा जो खर्डा आज उपलब्ध आहे तो लिओनार्दोच्या हस्ताक्षरांतील नाहीं असें विद्वान मानतात. लिहिणारा दुसराच कोणी असावा. पण पूल कसे बांधावयाचे, हें त्या लेखनिकाच्या डोक्यांतून निघालें नव्हतें.

हें सांगून झाल्यावर मीं संगणक बंद करावयास लावला आणि तिच्यापुढें एक शंभर पानी वही टाकली. म्हटलें, "तूं दुकानांत सकाळीं दहाला जात होतीस. गेल्यावर पहिलें काम काय करीत होतीस, तेथपासून लिही. चांगले शब्द नकोत. जें घडलें तें."

"गुरुजी, त्यांत काय आहे लिहिण्यासारखें? रोजचीं बिलें."

"किती?"

"असतील महिन्याला चारशें."

"मग चारशें लिही."

तीन दिवसांनीं ती वही घेऊन आली, तेव्हां तिचीं बारा पानें भरलीं होतीं. आणि त्या बारा पानांत कोठें गतिमान नव्हतें कीं ध्येयनिष्ठ नव्हतें. १ जुलै २०१७ रोजीं देशांत जीएसटी लागू झाला. कापडाच्या व्यापाऱ्यांना अशा कराची पूर्वीं संवय नव्हती. बाजारांत गोंधळ उडाला होता. त्या आठवड्यांत दुकानांतील सारा शिल्लक माल मोजून, प्रत्येक प्रकाराला त्याचा सांकेतिक क्रमांक लावून, नव्या पद्धतीचीं बिलें सुरू करण्याचें काम हिनें एकटीनें केलें होतें. पुढें प्रत्येक महिन्याला पुरवठादारांनीं भरलेला तपशील आपल्या खरेदीच्या वहीशीं ताडून पाहतांना, कांहींनीं दुकानाचा नोंदणी क्रमांकच चुकीचा लिहिल्याचें तिच्या ध्यानांत आलें. त्यामुळें मालकाच्या हक्काची कराची वजावट अडकून पडली होती. दूरध्वनि करकरून तिनें तीं बिलें दुरुस्त करून घेतलीं. आणि नोकरी सोडीपर्यंतच्या दोन वर्षांत एकहि विवरणपत्र मुदतीनंतर गेलें नाहीं.

आतां पहिल्या पानावरची ओळ ऐका : 'हिशेबाच्या सर्व जबाबदाऱ्या यशस्वीपणें सांभाळल्या.' आणि वहींतून निघालेली ओळ ऐका : 'महिन्याला सुमारें चारशें खरेदी-विक्रीचीं बिलें टॅलींत नोंदविलीं, जुलै २०१७ पासून जीएसटीचीं विवरणपत्रें तयार केलीं, दोन वर्षांत एकहि मुदतीबाहेर गेलें नाहीं.' पहिली ओळ कोणालाहि लिहितां येईल. दुसरी तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाला लिहितां येणार नाहीं, आणि ती वाचून हिशेबांतला माणूस खुर्चींत सांवरून बसेल.

यानंतर आम्हीं यंत्रांतील अर्जनविसाला बोलावलें. वहींतील मजकूर तिनें त्याला दिला आणि एका पानाचा इंग्रजी रेझ्युमे करून मागितला. अर्ध्या मिनिटांत पान समोर आलें. मी मॅट्रिक झालेला माणूस; माझें इंग्रजी बेतास बात. पण तें पान पाहून मला त्या यंत्राचें कौतुक वाटलें, हें कबूल केलें पाहिजे. वाक्यें आंखूड, क्रियापदें नेमकीं, व्याकरण बिनचूक. जो इंग्रजी बोलण्या-लिहिण्यास लाजतो अशा आपल्या मुलामुलींना हा फार मोठा आधार आहे, आणि तो घेऊं नये असें म्हणणारा मी नव्हे. जाहिरात त्याच्यापुढें ठेवली कीं तींतील शब्द कोणते आणि आपल्या पानांत कोणते नाहींत, हेंहि तें झटकन दाखवितें. हिनें 'पासबुकाशीं मेळ घालणें' असें लिहिलें होतें. जाहिरातींत त्याच कामाला 'बँक रिकन्सिलिएशन' म्हटलें होतें. काम तेंच, तेव्हां त्यांचा शब्द वापरणें योग्यच. कांहीं अतिशहाणे लोक जाहिरातींतील सारे शब्द पांढऱ्या शाईनें पांढऱ्या कागदावर लपवून टाकतात, म्हणजे यंत्राला दिसावे आणि माणसाला दिसूं नयेत. नोटपॅडची परीक्षा मघाशीं सांगितलीच आहे. ती समोरच्यालाहि करतां येते.

पण त्या सुंदर पानांत दोन ओळी अशा होत्या, ज्या वहींत नव्हत्या. 'दहा जणांच्या गटाचें नेतृत्व केलें' ही एक, आणि 'खर्चांत तीस टक्के बचत घडवून आणली' ही दुसरी. दुकानांत माणसेंच चार होतीं. यंत्र खोटें बोललें काय? त्याला खऱ्याखोट्याची जाणीवच नाहीं. त्यानें असंख्य लेख वाचलेले असतात, आणि अशा पानावर या जागीं सामान्यतः काय लिहिलेलें असतें याचा अदमास बांधून तें शब्दामागें शब्द ठेवीत जातें. जेथें आपण माहिती दिली तेथें ती वापरतें; जेथें दिली नाहीं तेथें साजेसें कांहीं तरी भरतें. 'अर्जदार अत्यंत गरीब असून' हें जसें येतें, तसेंच हें तीस टक्के येतें. म्हणून यंत्रानें दिलेलें पान ओळीओळीवर बोट ठेवून वाचावें, आणि प्रत्येक ओळीला विचारावें, हें केव्हां घडलें?

त्या दोन ओळी तिनें तत्काळ खोडल्या. तिसरी मात्र तिच्यानें खोडवेना. २०१९ नंतरच्या रिकाम्या जागेसाठीं यंत्रानें सुचविलें होतें : 'स्वतंत्र आर्थिक सल्लागार.'

बराच वेळ ती त्या ओळीकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "गुरुजी, ही राहूं द्यावी का? सहा वर्षें घरीं होतें असें लिहिलें, तर पुढचें कोणी वाचणारच नाहीं. आणि कोण विचारावयास बसलें आहे?"

तिला मीं उपदेश केला नाहीं. माझीच एक गोष्ट सांगितली. १९८० सालीं मीं शिक्षकाच्या जागेसाठीं अर्ज केला तेव्हां पान भरावें म्हणून शेवटीं लिहून दिलें कीं, 'हार्मोनियम वाजवितां येतें.' मला पेटीचा भाता कोणत्या हातानें हलवितात एवढें माहीत होतें. जागा मिळाली, आणि रुजू झालों त्याच दिवशीं मुख्याध्यापक आनंदानें म्हणाले, "बरें झालें, सोमवारपासून प्रार्थनेला पेटी तुम्हीच धरा." पुढचे तीन आठवडे शाळा सुटली कीं मी सायकलीनें शेजारच्या गांवीं एका भजनी बुवांकडे जात होतों. सोमवारीं मीं बोटाला फडकें बांधून दुखापतीचें सोंग केलें. म्हणजे एका खोट्याला दुसरें जोडावें लागलें. अखेर वाजवूं लागलों तेव्हां दोन बोटांनीं वाजवीत असें, आणि पहिल्या रांगेंतील पोरें खालीं मान घालून हंसत. बुवांनीं माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीं. पण तें सोमवारचें फडकें मला अजून आठवतें.

ती खूप हंसली. मग मीं विचारलें, "या सहा वर्षांत तूं हिशेबाचा कागद हातांत धरलाच नाहींस?"

"नाहीं. म्हणजे, आमच्या सोसायटीचे हिशेब मी लिहितें. खजिनदार काका म्हातारे आहेत, त्यांच्या डोळ्यांना दिसत नाहीं. पण तें काय, फुकटचें काम."

अठ्ठेचाळीस सदनिकांची गृहनिर्माण संस्था. २०२१ पासून दरमहा देखभालीचीं बिलें, थकबाकीच्या याद्या, बँकेचा मेळ, आणि दर वर्षीं लेखापरीक्षणासाठीं वह्या तयार करणें, हें सारें ती सासूबाईंच्या पलंगापाशीं बसून करीत होती. जें केलें नव्हतें तें लिहिण्याचा मोह तिला पडला. जें चार वर्षें केलें होतें तें सांगण्याची तिला लाज वाटत होती! आपल्या बायकांच्या बाबतींत मीं हें पुष्कळदां पाहिलें आहे. ज्या कामाचा पगार नाहीं तें काम नव्हे, अशी त्यांची समजूत आपण सर्वांनीं मिळून करून दिलेली आहे.

पानावर दोन ओळी आल्या. पहिली : 'कुटुंबांतील दीर्घ आजारामुळें २०१९ पासून पूर्णवेळ नोकरी नाहीं.' दुसरी : '२०२१ पासून ४८ सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे हिशेब, विनावेतन.' विनावेतन हा शब्द काढावा असें तिच्या नवऱ्याचें म्हणणें पडलें. तिनें तो ठेवला.

आतां थोड्या किरकोळ गोष्टी भराभर सांगतों. पान बनवून देणारीं कांहीं संकेतस्थळें आरंभीं सारें फुकट दाखवितात, तासभर माहिती भरून घेतात, आणि उतरवून घेण्याच्या वेळीं पैसे मागतात. तेव्हां माहिती आपल्या वहींत किंवा एखाद्या साध्या फाइलींत आधीं लिहिलेली असावी. फाइलीला 'फायनल नवीन दोन' असें नांव न देतां स्वतःचें नांव द्यावें. कॉलेजांत गंमत म्हणून काढलेला ई-मेलचा पत्ता नोकरीच्या पानावर घालूं नये. नोकरी डॉट कॉम हें संकेतस्थळ १९९७ पासून आहे. केंद्र सरकारनें २०१५ सालीं नॅशनल करिअर सर्व्हिसचें संकेतस्थळ सुरू केलें, तेथें उमेदवाराला पैसे पडत नाहींत. महाराष्ट्र शासनाचें महास्वयम् आहे. अशा ठिकाणीं पान ठेवल्यावर कोणी दूरध्वनि करून 'जागा नक्की, फक्त नोंदणीचे पैसे भरा' म्हणाला, तर तो दूरध्वनि तेथेंच बंद करावा. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाहीं. आणि पान पाठविण्यापूर्वीं तें एकदां मोठ्यानें वाचून घ्यावें. हिच्या पानांत एका ठिकाणीं २०१७ चें २०७१ झालें होतें. तें ना यंत्राला दिसलें, ना मला. तिच्या नववींतल्या मुलानें दाखविलें.

नव्या पानाचे तिनें अकरा अर्ज पाठविले. ते सुद्धां प्रत्येक जाहिरात वाचून, वरच्या चार ओळी तिच्याप्रमाणें मागेंपुढें करून. तिघांकडून बोलावणें आलें. पहिल्या ठिकाणीं मधल्या वर्षांविषयीं ऐकल्यावर मुलाखत पांच मिनिटांत संपली. दुसऱ्या ठिकाणीं पगार इतका थोडा होता कीं बसभाडें जाऊन हातीं फारसें राहिलें नसतें. तिसरें ठिकाण एक धर्मादाय रुग्णालय. तेथील लेखाधिकारी बाईंनीं तें पान पुढें ओढलें आणि विचारलें, "हें विनावेतन काय आहे?" मग त्या दोघी थकबाकी वसूल करण्याच्या अडचणींविषयीं वीस मिनिटें बोलत बसल्या.

पगार तिनें धरला होता त्यापेक्षां कमी आहे. पण हप्ता निघतो. रुजू झाल्यावर पंधरवड्यानें तिचा दूरध्वनि आला : "गुरुजी, येथें औषधांच्या साठ्याचा हिशेब माझ्याकडे दिला आहे. हें पानांत घालूं का?"

"अग, आधीं एक महिना तर लिही," मी म्हणालों. "आणि वहींत टिपून ठेव."